मूत्रपिंडातील मुकादम



गेल्या महिन्यात दवाखाना बंद करण्याच्या वेळी एक गृहस्थ आले. त्यांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री माझ्या जुन्या रुग्ण आहेत. गृहस्थांच्या हातात छापून आणलेला एक कागद होता. खुर्चीत बसता बसताच त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “डॉक्टर, मूत्रपिंडानं मीठ किती राखायचं हे ठरवणारं एक प्रथिन असतं म्हणे. ते शोधून काढणारं हे औषध मिळतं. आईची ही तपासणी करून घेऊ या. खर्चाची काळजी करू नका. तिला तसं का झालं, ते मला कळायला हवं.”

मी कागद वाचला. ती एका प्रतिपिंडाची, म्हणजे अँटिबॉडीची, माहितीपत्रिका होती. सशापासून तयार केलेले, ‘डब्ल्यूएनके-४’ नावाचे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड. आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: केवळ संशोधनासाठी, रोगनिदानासाठी नाही. त्या एका ओळीतच त्यांच्या प्रश्नाचे उत्तर होते. परंतु उन्हाळ्यात त्यांच्या आईवर जे ओढवले होते ते मी पाहिले होते, आणि त्यात माझाही वाटा होता. ‘ही तपासणी होत नाही’ एवढे सांगून त्यांना परत पाठवणे मला योग्य वाटले नाही. त्या संध्याकाळी त्यांना जे सांगितले, तेच आज आपल्यासमोर मांडत आहे. मी मूत्रपिंडतज्ज्ञ नाही, साधा कुटुंबवैद्य आहे. पण ज्या घरात रक्तदाबाची गोळी रोज घेतली जाते, त्या प्रत्येक घराशी या विषयाचा संबंध आहे.

प्रथम मूत्रपिंडाचे काम समजून घेऊ. आपली दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्या द्रवाबरोबर सुमारे दीड किलो मीठही बाहेर पडते. त्यातले जवळजवळ सगळे पुन्हा रक्तात परत घेतले जाते आणि जेमतेम काही ग्रॅम लघवीवाटे जाते. प्रत्येक मूत्रपिंडातील साधारण दहा लाख सूक्ष्म नलिका हे काम अहोरात्र करीत असतात. बहुतेक मीठ नलिकेच्या सुरुवातीच्या भागातच परत घेतले जाते. शेवटाकडच्या, काही मिलिमीटर लांबीच्या एका तुकड्याकडे गाळलेल्या मिठापैकी फक्त पाच ते दहा टक्के येते. पण शरीराचा अखेरचा हिशेब तिथे जुळवला जातो. घरखर्चात किराणा आणि भाडे ठरलेले असते. महिनाअखेर हाती किती उरते ते किरकोळ खर्चावर अवलंबून असते, तसेच हे आहे.

या तुकड्यात मीठ आत वाहून नेणारे एक प्रथिन असते. त्याला आपण हमाल म्हणू. रक्तदाबासाठी दिली जाणारी थायझाइड वर्गातील गोळी, म्हणजेच ‘लघवीची गोळी’, नेमकी या हमालाला अडवते. मौज अशी, की हे औषध १९५८ पासून वापरात आहे, परंतु ते ज्याला अडवते ते प्रथिन हाती लागले १९९३ साली. गेरार्दो गाम्बा, स्टीव्हन हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ते शोधले, आणि तेही फ्लाउंडर नावाच्या एका चपट्या माशाच्या मूत्राशयातून. पस्तीस वर्षे आम्ही वैद्य ती गोळी यशस्वीपणे देत होतो. ती कोणत्या दारावर बसते, हे मात्र आम्हांला माहीत नव्हते.

हमाल सापडला, पण त्याला कामाला लावणारा मुकादम कोण, हा प्रश्न राहिला. त्याचा माग एका दुर्मिळ आनुवंशिक विकारातून लागला. १९७० साली ऑस्ट्रेलियातील रिचर्ड गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विकार वर्णिला, की ज्यात रक्तदाब वाढलेला असतो, रक्तातील पोटॅशियमही वाढलेले असते, आणि आहारातील मीठ कमी केले की दोन्ही ताळ्यावर येतात. अशा घराण्यांतील जनुकांचा अभ्यास करून अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने २००१ साली दोषी जनुके दाखवून दिली. त्यांतील एक म्हणजे आपले डब्ल्यूएनके-४. या जातीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल एका ठरावीक जागी असायला हवे, ते तिथे नसते; ‘लायसिनविना’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून हे नाव तयार झाले.

जनुक सापडले म्हणजे अर्धेच काम झाले. ते प्रथिन मूत्रपिंडात नेमके कोठे असते, किती असते, केव्हा वाढते, हे डोळ्यांनी कसे पाहायचे? इथे प्रतिपिंड उपयोगी पडते. सशाला किंवा मेंढीला त्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा टोचतात. तिचे शरीर त्याला परका समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. लस घेतल्यावर आपल्या शरीरात घडते तेच. मग रक्तातून ती प्रतिपिंडे वेगळी काढून शुद्ध करतात. मूत्रपिंडाच्या पातळ कापावर ती सोडली की ती आपल्या ओळखीच्या प्रथिनालाच जाऊन चिकटतात. त्यांना चमकणारा रंग जोडलेला असला की सूक्ष्मदर्शकाखाली तेवढीच जागा उजळते. २००१ च्या त्याच शोधनिबंधात डब्ल्यूएनके-४ हे नलिकेच्या शेवटाकडच्या भागात असते, हे अशा प्रतिपिंडांच्या साह्याने दाखवले होते.

तरीही प्रतिपिंडाचा शब्द प्रमाण मानून चालत नाही. एकाच घराण्यातली प्रथिने सख्ख्या भावंडांसारखी दिसतात, आणि प्रतिपिंड कधीकधी भलत्यालाच चिकटते. म्हणून दक्ष संशोधक एक परीक्षा घेतात. ज्या उंदरातून ते जनुकच काढून टाकले आहे, त्याच्या मूत्रपिंडावर प्रतिपिंड सोडून पाहायचे. तिथेही खूण उमटली, तर ते प्रतिपिंड खोटी साक्ष देत आहे असे समजायचे. नुसत्या माहितीपत्रिकेवर विश्वास न ठेवता साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची, असा हा शिरस्ता आहे.

या मुकादमाच्या बाबतीत उलटतपासणीची गरजही पडली. २००३ साली बेडकाच्या अंड्यांतील प्रयोगांवरून असे वाटले, की डब्ल्यूएनके-४ हमालाला रोखते. पुढे हमाल ‘कामावर’ असतानाचे त्याचे रूप ओळखणारी प्रतिपिंडे हाती आली. कामावर असताना त्या प्रथिनाला ठरावीक जागी फॉस्फेटचा बिल्ला लागतो, आणि ही प्रतिपिंडे बिल्ला असेल तरच चिकटतात. २०१२ साली गाम्बा यांच्या गटाने डब्ल्यूएनके-४ नसलेले उंदीर तपासले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात बिल्लेधारी हमाल फारच कमी आढळले. म्हणजे मुकादम कामाला लावणारा होता, रोखणारा नव्हे. गॉर्डनच्या विकारात काय बिघडते, तेही उलगडले. काम संपलेल्या मुकादमाला पेशी एरवी मोडीत काढते. या विकारात ते घडत नाही, मुकादमांची गर्दी होते, मीठ साठत जाते आणि रक्तदाब चढतो.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला त्या मुद्द्यावर येतो. हा मुकादम कोणाचे ऐकतो? त्याला आदेश मिळतो तो मुख्यतः रक्तातील पोटॅशियमकडून. पोटॅशियम कमी झाले की नलिकेच्या पेशीतून क्लोराइड बाहेर जाते. पेशीतले क्लोराइड घटले की मुकादम जागा होतो, हमालांना बिल्ले मिळतात आणि शरीर मीठ धरून ठेवू लागते. पोटॅशियम पुरेसे असले की याच्या उलट घडते. हमाल सुस्तावतात आणि जास्तीचे मीठ लघवीवाटे जाते. ‘मीठ कमी खा’ हा उपदेश आपण ऐकत आलो आहोत. त्याच्या जोडीला ‘भाज्या, डाळी, फळे पुरेशी खा’ हे का सांगितले जाते, त्याचे एक कारण इथे सापडते. पापड-लोणचे-फरसाण भरपूर आणि पालेभाजी नावापुरती, असे ताट असेल तर मूत्रपिंडाला दोन्ही बाजूंनी मीठ साठवण्याचाच निरोप जातो.

मीठ कमी आणि पोटॅशियम थोडे अधिक, याचा लाभ माणसांतही दिसला आहे. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मिठाऐवजी ७५ टक्के साधे मीठ व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना आणि पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना त्यात सामील केले नव्हते, हे विसरू नये.

आता त्या काकूंची हकिकत. एप्रिलमध्ये त्यांचा रक्तदाब आटोक्यात येईना, म्हणून मी चालू गोळीच्या जोडीला थायझाइड दिले. निर्णय चुकीचा नव्हता. चुकले ते पुढे. ‘दोन आठवड्यांनी रक्तातील सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या’ हे मी लिहून दिले नाही. ऊन वाढले होते. घरच्यांनी मायेपोटी दोन गोष्टी केल्या. रक्तदाब आहे म्हणून काकूंचे जेवण अगदी अळणी केले, आणि मूत्रपिंड साफ राहावे म्हणून त्यांना तहान नसतानाही तांब्यामागून तांब्या पाणी पाजले. भूक मंदावल्यामुळे जेवणही तोळामासाच होते.

तिसऱ्या आठवड्यात सूनबाई सांगू लागल्या, की आई रात्री उठून देवघर शोधतात, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात, चालताना तोल जातो. घरच्यांनी वयाला दोष दिला. शेजारच्या एकांनी स्मृतिभ्रंशाचे नावही घेतले. मग एका पहाटे काकू न्हाणीघरात पडल्या. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा सोडियम ११९ निघाले. एरवी ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे लागते.

असे का झाले? गोळीने हमालांना अडवले, तेवढे मीठ लघवीवाटे गेले. नलिकेचा हा भाग मीठ काढून घेऊन लघवी पातळ करतो, आणि त्यामुळेच जास्तीचे पाणी शरीराबाहेर टाकता येते. तेच काम थांबले. वरून पाणी येतच राहिले, आहारातून मीठ येईना. रक्तातील सोडियम उतरत गेले आणि मेंदूच्या पेशींत पाणी शिरून त्या फुगल्या. म्हणूनच तो गोंधळ आणि ते तोल जाणे. उतारवयातील, अंगाने बारीक स्त्रियांना हा धोका अधिक असतो, आणि गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो विशेष असतो. रुग्णालयात गोळी बंद करून सोडियम हळूहळू वर आणले. ते घाईने वाढवले तर मेंदूलाच इजा होते. आठवड्याभरात काकूंनी नातवाला त्याच्याच नावाने हाक मारली. त्या दिवशी मला जो दिलासा मिळाला, त्यात संकोचही मिसळलेला होता. मी त्यांच्या मुलाला सांगितले, “तपासणी सांगायला मी विसरलो.” ते काही बोलले नाहीत. काही महिन्यांनी तो कागद घेऊन आले.

म्हणून त्या संध्याकाळी त्यांना म्हणालो, “या प्रतिपिंडाने तपासायचे तर मूत्रपिंडाचा तुकडा काढावा लागेल, आणि त्यातून आईंच्या उपचारात काही बदल होणार नाही. जे घडले त्याचे कारण आपल्याला माहीत आहे. ते तपासायला काहीशे रुपयांची रक्ततपासणी पुरेशी होती. ती मी वेळेवर करायला हवी होती.” त्यांनी कागदाची घडी घातली. थोड्या वेळाने विचारले, “मग ती तपासणी आता पुन्हा कधी करायची?” मला वाटते, त्यांना हवे होते ते हेच होते: पुन्हा असे होऊ नये म्हणून हाताशी काहीतरी असावे.

हे संशोधन पुढे कधी दवाखान्यापर्यंत येणारच नाही, असे मात्र नाही. मूत्रपिंडाच्या पेशींतून सुटलेल्या अतिसूक्ष्म पुटिका लघवीत सापडतात, आणि त्यांत हा हमाल प्रतिपिंडांनी ओळखता येतो, हे अमेरिकेतील मार्क नेपर यांच्या गटाने २००४ साली दाखवले. तुकडा न काढता केवळ लघवीवरून त्याचा अंदाज घेण्याचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. आज ते संशोधनाच्याच पातळीवर आहे. तोवर कोणी ‘खास मूत्रपिंड-प्रथिन चाचणी’ म्हणून महागडे काही गळ्यात मारू लागला, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि घरातील तरुण व्यक्तीचा रक्तदाब वाढलेला असून मूत्रपिंडे चांगली असतानाही पोटॅशियम वारंवार जास्त येत असेल, किंवा असे घराण्यात अनेकांना असेल, तर मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावे. गॉर्डनच्या विकाराची खात्री जनुकीय तपासणीने होते, आणि थायझाइडचा त्यात फार चांगला गुण येतो.

आता घरच्यांनी ध्यानात ठेवण्याच्या काही गोष्टी.

१. गोळीच्या पाकिटावरील घटक वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापमाइड यांपैकी नाव असेल, तर ती या वर्गातील गोळी आहे. जोडगोळीच्या नावाअखेर पुष्कळदा ‘एच’ हे अक्षर असते.

२. अशी गोळी सुरू करण्यापूर्वी, सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी, मात्रा बदलल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावे. डॉक्टर विसरले, तर आपण आठवण करून द्यावी. त्यात संकोच कसला? मला कोणी आठवण केली असती, तर मी त्यांचा ऋणी राहिलो असतो.

३. वृद्ध व्यक्ती अचानक गोंधळू लागली, तोल जाऊ लागला, मळमळ, थकवा, झोपाळूपणा दिसू लागला, तर ‘वयोमान’ म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंश सहसा काही दिवसांत येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर थेट रुग्णालय गाठा. घरी मिठाचे पाणी पाजू नका.

४. जुलाब, उलट्या, ताप असेल किंवा जेवण तुटले असेल, तर गोळी चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा. चातुर्मासातील उपास, निर्जळी एकादशी यांपूर्वीही विचारून घ्या. मात्र या लेखामुळे कोणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नये. योग्य देखरेखीत ही गोळी पक्षाघातापासून रक्षण करते.

५. मीठ कमी म्हणजे मीठ वर्ज्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, अशी आहे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. त्याने सुटका होत नाही. पाणी किती प्यावे, हेही वय, हृदय व मूत्रपिंड पाहून ठरवायचे असते.

६. मूत्रपिंडे चांगली असतील तर पालेभाज्या, कडधान्ये, केळी, शहाळे यांतून मिळणारे पोटॅशियम हितकारक आहे. परंतु ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, किंवा जे टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यांनी बाजारातील ‘कमी सोडियमचे मीठ’ किंवा रोजचे शहाळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

काकू आता बऱ्या आहेत. त्यांना थायझाइड पुन्हा द्यायचे नाही, असे त्यांच्या कागदांवर लाल शाईने लिहून ठेवले आहे. घरी जेवणात बेताचे मीठ पडते, आणि पाणी तहानेप्रमाणे प्यायले जाते. त्यांच्या मुलाने तो माहितीपत्रिकेचा कागद माझ्याकडेच ठेवला. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी थायझाइड घेणाऱ्या माझ्या सर्व रुग्णांची नावे लिहिली आहेत आणि प्रत्येकापुढे पुढच्या रक्ततपासणीची तारीख. कागद टेबलाच्या काचेखाली आहे. दर सोमवारी सकाळी, पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी, मी तो वाचतो.